न जमलेली फुंकर

प्रिय ठोक्या,

आज सकाळी घरात तुझा आवाज आला, म्हणून लिहायला बसलोय. पाखराला कोणी पत्र लिहितं का, असं मामी मघाशी विचारून गेली. मी म्हटलं, नववी सोडल्यापासून मी माणसांनाही पत्र लिहिलेलं नाही, कुठून तरी सुरुवात होऊ दे. ती म्हणाली, "आईला चार ओळी टाकल्या असत्यास तर पुण्य लागलं असतं." तेही खरंच आहे. पण आईला काय झालं ते सांगायला तिला आधी तू कोण ते सांगावं लागेल, आणि तुला ते सांगावं लागत नाही.

तू गेलास तेव्हा थंडी होती. आता वाडीत आंबे उतरवायला लागलेत. एवढ्या दिवसांत तुझं नाव घरात कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. मामा तर पिंजऱ्याकडे नीट बघायचाच नाही. आणि आज हे असं.

क्रमाने सांगतो. मला क्रमाने सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. मी तुमच्या पिंजऱ्यातलं पाणी बदलायला यायचो आणि अर्ध्यावर वाटी हातात धरून तुला बोईसरच्या कारखान्यातल्या गमती सांगत बसायचो.

तुम्हा दोघांना मीच आणलं. पालघरला एका ट्रकवर क्लीनर होतो, ते काम सुटलं, आणि मामाकडे चिंचणीला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून स्टेशनजवळच्या पक्षीवाल्याकडून लव्हबर्डची जोडी घेतली. हिरवा तू, पिवळी ती. पुढे जवळच्या कॉलनीतल्या एका साहेबांनी सांगितलं, हे लव्हबर्ड नव्हेत, यांना बजरीगर म्हणतात, यांचं मूळ गाव ऑस्ट्रेलिया. त्या दिवशी मी बराच वेळ तुझ्याकडे बघत बसलो होतो. मी बोईसर, पालघर, वापी एवढं फिरलो म्हणून स्वतःला मोठा फिरस्ता समजत होतो. आणि तू कुठला, कुठे येऊन राळ्याचे दाणे खात बसलेला!

मामाला तुम्ही नको होतात. तो पडला डायवाला. चिंचणीत घराघरात हे काम चालतं, तसंच त्याचंही. दागिन्याची नक्षी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरायची, मग सोनार त्या डायवर पत्रा ठोकून पाहिजे तेवढी फुलं काढतो. डोळ्याला भिंग, डाव्या हातात छिन्नी, उजव्यात बोटभर हातोडी. छिन्नी एक केस सरकली तर आठ दिवसांचं काम फुकट. तो म्हणाला, "भाच्या, ही पाखरं ओट्यावर टांग. हितं किचकिच केली तर माजा हात चुकंल."

टांगली ओट्यावर. तरी आवाज आत जायचाच. आणि त्याचा आवाज तुझ्याकडे यायचा. टक टक टक, मग फू. तीन ठोके मारायचे आणि पोलादाचा चुरा फुंकरीने उडवायचा, असा मामाचा हात. शेजारचा पाच मारतो, त्याच्या पलीकडचा दोनच. गल्लीतून डोळे मिटून गेलं तरी कोणाचं घर आलं ते कळतं.

किती दिवस तू ते नुसतं ऐकलंस, ते मला माहीत नाही. एका दुपारी मी ओट्यावर पडलो होतो आणि डोक्यावरून आवाज आला, टक टक टक. मग फू यायला हवं होतं. त्याच्या जागी आलं, च्रिक.

फुंकर तुला जमेना. चोचीने फुंकणार कसा? म्हणून तू तिथे स्वतःचं काहीतरी घातलंस. लहान, खरखरीत, शेवटी जरा वर चढणारं. मी मामाला हाक मारली. तो भिंग कपाळावर चढवून बाहेर आला. परत ऐकलं. परत आत गेला आणि तीन ठोके मारून थांबला. तू लगेच उत्तर दिलंस. तेव्हा मामा आतूनच म्हणाला, "ठोकतं बेनं, पण फुंकत नाय." त्या दिवशी तुझं नाव पडलं, आणि संध्याकाळी पिंजरा आतल्या खोलीत, मामाच्या बैठकीसमोर आला. मामी म्हणाली, "बघा, मला कदी एवडं जवळ बसवून घेतलं नाय."

पिवळी कधी ठोकायची नाही. ती तुझ्या अंगाला अंग लावून बसायची, किंवा मडक्यात. मामीने भोक पाडून दिलेलं ते छोटं मडकं. तू ठोकायचास, ती मान वाकडी करायची. मला वाटायचं, तिला कंटाळा येत असेल. बघ, मला काय कळत होतं!

आता ते लिहितो, जे टाळत आलोय.

मामी त्या दिवशी माहीमला बहिणीकडे गेली होती. वारा फार गार सुटला होता आणि तू पिसं फुलवून गोळा होऊन बसलेला. मला वाटलं, थंडी वाजतेय. मागच्या पडवीत मामाने भट्टी पेटवली होती, तिथे उबारा छान होता. मी पिंजरा उचलला आणि भट्टीच्या वरच्या वाशाला नेऊन टांगला. मामा निखारे फुंकत होता, त्याची पाठ होती. मी त्याला सांगितलंही नाही. भट्टी कशासाठी पेटते हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोरलेल्या डायला पाणी द्यायचं असतं. म्हणतात पाणी, पण मामाकडे डाय लाल करून तेलात बुडवतात, मग ती कडक होते. आणि तेलातून काळा धूर उठतो. शंभर वेळा बघितलेलं. त्या वेळी डोक्यात आलं नाही, एवढंच. तुला ऊब मिळतेय याचा मला इतका आनंद झाला होता की मी तुझ्यासाठी समुद्रफेस आणायला निघालो.

समुद्रफेस म्हणजे माकुल मासळीच्या पाठीतलं ते पांढरं हाड. किनाऱ्यावर वाहून येतं, तुम्ही चोच घासायचात त्याच्यावर. मिळालं मला लगेच. पण पुढे काही जण होडी वर ओढत होते, खाली ओंडके सरकवत. मी हात लावला. मग चहा झाला. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने वादळात भरकटल्याची गोष्ट सांगायला घेतली. ती मोठी सुंदर गोष्ट होती, ठोक्या, आणि ती मी शेवटपर्यंत ऐकली.

परत आलो तेव्हा मामा पडवीच्या पायरीवर बसला होता. पिंजरा खाली. तू त्याच्या ओंजळीत.

"चार डाय बुडवल्या," तो म्हणाला. "मग हितंच बसून नवीन कोरायला घेतली. तीन मारले, उत्तर नाय. परत तीन मारले. मग वर बघितलं."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"माज्या डोक्यावर होता नि मला दिसला नाय."

मी म्हटलं, "मामा, मी टांगला."

"ता म्हायत हाय. दुसरं कोण हाय घरात? पण धूर मी केला."

एवढंच बोलणं झालं आमचं त्या विषयावर. रागावला असता तर बरं झालं असतं. तुला आम्ही चिकूखाली ठेवलं. समुद्रफेस माझ्या खिशातच होता, तोही शेजारी ठेवला.

पिवळी मडक्यात होती म्हणून वाचली. मडक्याचं तोंड भिंतीकडे होतं, वारा भिंतीच्या फटीतून येत होता, तेवढ्यावर. बाहेर आली ती दांडीवर तुझी जागा सोडून बसली. नेहमीसारखी डावीकडे, उजवीकडे तुझ्यापुरती जागा रिकामी. राळं तसंच. दोन दिवसांनी मामीने स्वतःचा आरसा आत बांधला. पिवळीने त्याला एकदा चोच लावली, आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसली.

मामी म्हणाली, "हिला कोणतरी आणून दे. तू आणलंस, तूच बघ. नायतर ही बी जाईल, आणि तुजा मामा हातोडी खाली ठेवंल."

तेही खरं होतं. मामा बैठकीवर बसायचा, तीन ठोके मारायचा आणि चौथ्या जागी हात तसाच धरून ठेवायचा. फुंकायलाही विसरायचा.

मी पालघरला गेलो. तोच पक्षीवाला. म्हटलं, एक नर द्या. तो म्हणाला, "जोडी फोडत नाय."

"एकच पाहिजे. मादी घरी आहे."

"तुमचा एक घेऊन जाल. मग माज्याकडं एक उरंल. ता झुरून मेला तर त्याच्यासाठी मी कोणाच्या दारात जाऊ?"

मी तसाच त्याच्या दारातून फिरलो. खरं तर तिथून थेट बोईसर गाठायचं होतं, पण बसमध्ये एक जुना मित्र भेटला, म्हणाला शिरगावला चल, किल्ल्यावर जाऊ. आणि मी गेलो. हो, गेलो. बुरुजावर चढलो तर समोरच्या ताडांवर रानपोपटांचा थवा उतरत होता. दीडशे तरी असतील. सगळे एकदम ओरडतायत, आणि त्या गोंगाटात प्रत्येक जण आपल्याच जोडीदाराशेजारी उतरतोय. कसा ओळखत असेल? मी बघतच राहिलो. आणि मग एकाएकी लक्षात आलं. मी परत होडीच ओढत होतो की! मित्राला तिथेच सोडून रस्त्यापर्यंत पळत आलो.

बोईसरला मी पूर्वी ज्या चाळीत राहायचो तिथे दुसऱ्या दिवशी गेलो, कोणाकडे असेल तर विचारावं म्हणून. विचारावं लागलंच नाही. एका कुलूप लावलेल्या खोलीतून बजरीगरचा आवाज येत होता. गाणं नव्हे, हाक. थांबून थांबून, एकच एक हाक. शेजारीण म्हणाली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत असंच. मी त्या दारात बसून राहिलो. पाळी सुटली तसा खोलीवाला आला, सायकलवरून. रामदुलार, कापडाच्या कारखान्यात.

"कौन हो भाई? दरवाजे पे काहे बैठे हो?"

म्हटलं, "आपका पक्षी बुला रहा है."

"हमको नहीं बुला रहा," तो कुलूप काढत म्हणाला. "इसकी मादा उड़ गई. पिंजरा साफ करते बखत हमारे ही हाथ से. तीन महीने से चिल्ला रहा है."

आत ट्रान्झिस्टर, एक खाट आणि निळा नर. मी पिवळीचं सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस. "अरे वाह! तो ले आओ उसको इधर!"

आता आली का पंचाईत? मी म्हटलं, तुमचा तिकडे द्या. तो म्हणाला, देणार कसा, खोलीवर आलो की हाच तर एक बोलणारा आहे. घरवाली गाँव में. मी म्हटलं, आमच्याकडे मामा आहे. "मामा को चिड़िया चाहिए?" म्हटलं, हो. मग मी त्याला सगळं सांगितलं, भट्टीपासून तुझ्यापर्यंत. तीन ठोके खाटेच्या लाकडावर वाजवून दाखवले. च्रिक काही मला जमलं नाही. त्याने चहा केला, आणि कप घेऊन तो पिंजऱ्यासमोर बसला.

"इतवार को लेके आता हूँ," म्हणाला. "देखने दो दोनों को. फिर सोचेंगे."

आला. बोईसरहून चिंचणीपर्यंत सायकल मारत, पिंजरा मागे बांधलेला, त्यावर गमछा. मामीने पोहे केले होते. म्हणाली, "बघायला येतायत तर नुसता चा कसा द्यायचा?" रामदुलारला कळेना आपण हसावं की नाही. मामीचं हिंदी तुला माहीत आहे. ती म्हणाली, "हमारी मुलगी जरा गप्प है, पण स्वभाव से अच्छी है." तेव्हा तो इतका हसला की पोहे घशात अडकले.

दोन पिंजरे शेजारी ठेवले. मामी म्हणाली, एकदम एकत्र नको, आधी ओळख होऊ दे. निळा आला तसा जाळीला चिकटून हाका मारायला लागला. पिवळीने बघितलंही नाही. रामदुलार उठला, गमछा झटकला, पिंजऱ्याकडे न बघता म्हणाला, "आठ दिन रखो. नहीं जमा तो ले जाऊँगा." फाटकापर्यंत गेला, आणि मग परत आला, त्याला काकडी आवडते एवढं सांगायला.

पाचव्या दिवशी पिवळी दांडीवर सरकली. एवढीशी. तुझ्या जागेच्या अर्ध्यापर्यंत. सहाव्या दिवशी तिने राळं फोडलं, आणि टरफलं खाली पडल्याचा आवाज मी आणि मामी श्वास धरून ऐकला. रविवारी रामदुलार आला तेव्हा दोघं जाळीच्या दोन बाजूंना एकमेकांना टेकून बसली होती. तो बघत राहिला.

"हमारे यहाँ तो बिदाई लड़की की होती है," तो म्हणाला.

मामा आतून म्हणाला, "तो घरजावई झाला. आणि तुमी आमचे व्याही. दर इतवारला या."

येतो बिचारा. काकडी घेऊन. निळा त्याच दिवशी पिवळीच्या पिंजऱ्यात आला, आम्ही त्याला पाहुणाच म्हणतो. तुझी जागा घेतली म्हणून मला सुरुवातीला त्याचा राग आला होता, खोटं बोलत नाही. तो मडक्याजवळ गेला की मी उगाच पिंजऱ्यावर टिचकी मारायचो. मामीने एकदा हात धरला माझा.

तर आज सकाळी. मामा पालघरला गेला होता, डोळे तपासायला. मामी विहिरीवर. मी ओट्यावर, आज कुठे जावं या विचारात. गुजरातकडे एक ट्रक निघणार होता, क्लीनर पाहिजे होता त्यांना. चपला घातल्या, आणि आतून आलं,

टक टक टक. च्रिक.

ठोक्या, मामा घरी नव्हता. मी आत गेलो. पाहुणा दांडीवर होता, मान ताठ, घशाखालची पिसं हलत होती. टक टक टक. च्रिक. शेवटी जरा वर चढलेलं.

ठोके तो मामाचे शिकला असेल, मान्य. इथे दिवसभर तेच चालतं. पण मामा फुंकतो. च्रिक या घरात कोणी करत नाही. ना हातोडी, ना माणूस, ना भट्टी. ती तुझी एकट्याची चूक. आणि हा पाहुणा तुला कधी भेटलेला नाही. तू गेलास तेव्हा तो बोईसरच्या बंद खोलीत ओरडत होता.

मग कोणी शिकवलं?

मी पिवळीकडे बघितलं. ती त्याला टेकून, मान वाकडी करून. तशीच, तू ठोकायचास तेव्हा करायची तशी. तिने कधी, आमच्या कानावर पडेल असं, एकदाही ठोकलेलं नाही. मग ते तिच्यात कुठे होतं इतके दिवस? कधी दिलं तिने त्याला? पहाटे? मडक्याच्या आत? हळू आवाजात, की नुसतं अंगाला अंग लावून? मला नववीपर्यंत कोणी असलं काही शिकवलं नाही, पण पुढे शिकलेल्यांना तरी हे माहीत असेल का?

ट्रक गेला. मी चपला घालूनच आत बसलो होतो.

दुपारी मामा आला. मी सकाळचं काही सांगितलं नाही. त्याने पाणी प्यायलं, बैठकीवर बसला, भिंग लावलं, आणि तीन ठोके मारले. फुंकायला ओठ केले, आणि पिंजऱ्यातून आलं, च्रिक.

मामाचे ओठ तसेच राहिले. त्याने भिंग काढलं. परत तीन मारले आणि या वेळी मुद्दाम थांबला. च्रिक. मामी दारात येऊन उभी राहिली, हातात ओली बादली.

मला वाटलं, तो पाहुण्याकडे बघेल. तो बघत होता पिवळीकडे. किती तरी वेळ. मग म्हणाला, "माल मोडला तरी डाय राहते, भाच्या." आणि बोटाने जाळीवरून पिवळीला दाखवून म्हणाला, "डाय ही हाय."

मग हातोडी उचलली आणि संध्याकाळपर्यंत ठोकत बसला. मधे मधे त्याला उत्तर येत होतं. आता चार महिन्यांत पहिल्यांदा तो फुंकतोही आहे नीट.

मडक्यात चार अंडी आहेत. मामी म्हणते, बघू, किती उतरतात. पिल्लं आली तर ती काय बोलतील? तुझं रक्त नाही त्यांच्यात. मला याचा विचार करायला लागलं की शिरगावच्या बुरुजावर उभं राहिल्यासारखं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते ठरवलंय. पिंजऱ्याच्या तळाला उद्या नवा कागद घालायचाच आहे, तिथेच अंथरीन. पाहुणा शिक्का मारेल त्यावर. पुढचं पोचवायचं काम पिवळीचं. तिला तुझा पत्ता माहीत आहे असं आता मला वाटायला लागलंय.

एक वचन देतो. माझी वचनं मामीला विचार, पण हे वेगळं आहे. डायला पाणी द्यायचा दिवस मामा आता आधी सांगतो. त्या दिवशी मी घरी असेन. ट्रकवर असलो, वापीला असलो, तरी उतरून येईन. पिंजरा मी स्वतः पुढच्या ओट्यावर नेऊन टांगीन आणि धूर पुरता निवेपर्यंत त्याच्या खाली बसेन. समुद्रावर कोणी होडी ओढत असलं तरी उठणार नाही. आणि या घरातल्या कुठल्याही पाखराला नीट फुंकर कशी मारायची, ते मी कधी शिकवणार नाही.

तुझा,
वाटी हातात धरून बसणारा
विलास
चिंचणी